झरा भूवारसा-स्थळ म्हणून कसा जोखावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. हालोल तालुक्यात, पावागडाच्या पूर्वेकडील एका टेकडीच्या पायथ्याशी बारा महिने वाहणारा झरा आहे. बडोद्यातील आपल्या मराठी मंडळाचा निसर्गगट तेथे सहली नेतो. आता गावच्या सरपंचांना तेथे पक्के कुंड, पायऱ्या आणि वाहनतळ बांधून ‘भूवारसा पर्यटनस्थळ’ (भूवारसा म्हणजे जपण्याजोगा भूवैज्ञानिक ठेवा) असा प्रस्ताव तालुका पंचायतीकडे पाठवायचा आहे, आणि त्यातील शास्त्रीय भाग लिहून देण्याची विनंती त्यांनी आपल्या गटाला केली आहे. झऱ्याला गुण कोणत्या पद्धतीने द्यावेत आणि हा झरा भूवारसा ठरेल का, असे आपण विचारले आहे. मी बडोद्यात राहून बरीच वर्षे भूजल सर्वेक्षणाचे काम केले आहे; त्या आधारावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो. दुसऱ्याचे पक्के उत्तर केवळ छायाचित्रांवरून देता येणार नाही, तरी माझा अंदाज पुढे ओघात दिला आहे.

भूवारशाच्या मूल्यमापनाच्या प्रचलित पद्धती मुख्यतः खडक, जीवाश्म, कडे, गुहा अशा जागच्या जागी राहणाऱ्या गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून घडल्या आहेत. आपल्या बाजूचे उदाहरण घ्यायचे तर मही नदीवरील कडाणा धरणाजवळ खडकात उमटलेले भोवऱ्यांचे ठसे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केले आहेत. ते कुंपण घालून राखता येतात, कारण जे जपायचे ते सारे कुंपणाच्या आत आहे. झऱ्याचे तसे नाही. आपल्याला दिसते ते पाण्याच्या प्रवासाचे शेवटचे टोक असते; पाऊस मुरतो ती जागा, पाणी खडकातून सरकते ती वाट आणि त्याला बाहेर पडायला भाग पाडणारी खडकाची रचना हे सगळे नजरेआड, बहुधा दुसऱ्याच कोणाच्या जमिनीत असते. मुखाभोवती कितीही सुंदर कठडा बांधला आणि वरच्या माळावर दोन बोअर पडले, तर कठडा राहतो आणि झरा जातो. म्हणून गुणांच्या तक्त्याला हात घालण्यापूर्वी पाणी कोठून येते, ते नेमके येथेच का बाहेर पडते आणि वर्षभरात ते कसे वागते, या तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. माझ्या मते झऱ्याच्या मूल्यमापनातील खरे काम तेवढेच आहे. गुण देणे हे त्यानंतरचे एका दुपारचे काम आहे.

ते येथेच का बाहेर पडते, याचे उत्तर खडकात शोधावे. पावागड हा डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा डोंगर आहे. खाली बेसाल्टचे थरावर थर आणि माथ्याकडे फिकट रंगाचा रायोलाइट. तेथून पूर्वेला शिवराजपूर-जांबुघोड्याकडे सरकले, की फार जुने खडक लागतात: चांपानेर समूहाचे क्वार्ट्झाइट आणि फिलाइट, त्यांच्यातील मँगनीज, आणि पुढे गोध्रा ग्रॅनाइट, ज्याचे वय सुमारे 95 कोटी वर्षे मानले जाते. त्यामुळे थोड्याशा अंतरात झऱ्याचे कारण पूर्णपणे बदलू शकते. बेसाल्टमध्ये प्रत्येक लाव्हाथराचा वरचा भाग सच्छिद्र, पोकळ्यांत झिओलाइट आणि कॅल्साइट ही खनिजे भरलेला असा असतो, तर मधला भाग घट्ट आणि केवळ भेगांतून पाणी जाऊ देणारा असतो; दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या, चिकणमातीच्या खडकाचा पातळ पट्टा असतो, ज्याला आमच्या कामात लाल बोल म्हणतात. भेगांतून उतरलेले पाणी या पट्ट्यावर अडते, आडवे सरकते आणि उतारावर जेथे तो पट्टा उघडा पडतो तेथे पाझरू लागते. हा संपर्क-झरा. ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झाइटमध्ये असा आडवा अडसर सहसा नसतो. तेथे पाणी एखाद्या मोठ्या भेगेच्या किंवा प्रस्तरभंगाच्या (खडक तुटून सरकल्याच्या रेषेच्या) वाटेने वर येते आणि झरा त्या भेगेवर, एका ठिकाणी, बांधलेला असतो. तिसरा प्रकार साधा आहे: ओढ्याचा तळ भूजलाच्या पातळीखाली गेला की तेथे पाणी दिसते आणि पातळी उतरली की आटते.

हे ओळखायला नेहमीच मोठी उपकरणे लागतात असे नाही. टेकडीच्या उतारावर ओलाव्याची रेषा एकाच उंचीवर दूरवर जाते का, तिच्या बाजूने नेचे, शेवाळ, उंबर-जांभळाची झाडे ओळीने उभी आहेत का, हे पाहावे. तसे असेल तर संपर्क-झऱ्याची शक्यता मोठी. (झाडांवरून जमिनीतील पाण्याचा माग काढण्याची चर्चा उज्जैनच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात केली आहे, हे आपल्या माहितीफलकावर शोभेल; मात्र त्याची प्रत्येक खूण आजच्या शास्त्राला धरून आहे असे समजू नये.) ओलावा एकाच ठिकाणी असेल आणि तेथून वर सरळ भेग जाताना दिसत असेल, तर भेग-झरा. आपण पाठवलेल्या दुसऱ्या छायाचित्रात काळ्या कड्याखाली हातभर जाडीचा तांबूस पट्टा दिसतो आणि पाणी त्या पट्ट्याच्या वरच्या कडेने निघते आहे असे वाटते. तो पट्टा नखाने खरवडून पाहा: विटेच्या चुऱ्यासारखा भुगा निघाला आणि त्याला पाणी लावल्यावर बोटांना चिकट लागला, तर तो लाल बोल असण्याचा संभव आहे. हातोडी मात्र चालवू नका. जी रेघ उद्या लोकांना दाखवायची, ती आजच तासून काढण्यात अर्थ नाही.

आता पाणी. प्रस्तावांमध्ये ‘बारमाही’ हा शब्द इतक्या सहज लिहिला जातो, की परीक्षक त्यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्याऐवजी आकडे द्यावेत. लहान झऱ्यासाठी दहा लिटरची बादली आणि मोबाइलमधील स्टॉपवॉच पुरते. पाणी एका धारेत यावे म्हणून मुखाखाली केळीचा सोप किंवा पन्हळीसारखा वाकवलेला पत्रा तात्पुरता लावावा, बादली भरायला लागणारा वेळ तीनदा मोजून सरासरी घ्यावी, आणि बाजूने निसटणारे पाणी किती आहे याचा प्रामाणिक अंदाज नोंदवावा. बादली 40 सेकंदांत भरली, तर झरा सेकंदाला पाव लिटर, म्हणजे दिवसाला 21,600 लिटर देतो. अमेरिकी जलभूवैज्ञानिक ऑस्कर माइन्झर यांनी 1923 मध्ये झऱ्यांची प्रवाहानुसार आठ वर्गांत जी विभागणी केली, तिच्यात हा सहाव्या वर्गाचा झरा ठरतो. हे वाचून हिरमोड होऊ देऊ नये. दख्खनच्या बेसाल्टमधील पुष्कळ झरे याच तोलाचे असतात. पावसाळ्यात प्रवाह बादलीत मावेनासा झाला, तर लाकडी फळीत काटकोनी व्ही-आकाराची खाच कापून ती ओहोळात आडवी बसवावी. खाचेच्या टोकापासून वर 5 सेंटिमीटर पाणी चढले, की प्रवाह सेकंदाला साधारण पाऊण लिटर असतो. पाण्याची उंची मात्र फळीच्या थोडी मागे, जेथे पाणी संथ आहे तेथे, मोजावी.

ही नोंद पावसाळ्यात दर आठवड्याला आणि एरवी पंधरवड्याला, शक्यतो सकाळच्या एकाच वेळी घ्यावी, आणि ती किमान एक पूर्ण वर्ष चालावी. वर्षातील सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी प्रवाहाच्या फरकाला सरासरी प्रवाहाने भागून शंभराने गुणले, की झऱ्याची चंचलता टक्क्यांत मिळते. ती 25 च्या आत असेल तर झरा स्थिर, 100 च्या वर असेल तर चंचल. चंचल झरा कमी प्रतीचा असतो असे मुळीच नाही, पण तो पर्यटकांना एप्रिलमध्ये दाखवायचे आश्वासन देऊ नये, एवढे त्यातून कळते. पाऊस थांबल्यानंतर प्रवाह किती वेगाने उतरतो, ही नोंद तर सर्वांत बोलकी असते: ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतच प्रवाह पाव हिश्शावर आला, तर पाणी मोठ्या भेगांतून भराभर निचरते आहे, उतरण संथ असेल, तर वर कोठेतरी चांगला साठा आहे.

प्रवाहाबरोबर तापमान आणि विद्युतवाहकता (पाण्यात विरघळलेले क्षार किती, याची खूण) मोजावी. पेनाएवढे वाहकतामापक बाजारात सहज मिळते. थंडीत पहाटे आणि मे महिन्यात दुपारी पाण्याचे तापमान जवळजवळ सारखेच राहिले, तर पाणी पुरेशा खोलीवरून येते. हवेबरोबर तेही वरखाली होत असेल, तर ते उथळ आहे. मोठ्या पावसानंतर दोन दिवसांत वाहकता एकदम खाली आली, तर पावसाचे ताजे पाणी सरळ आत शिरते आहे, आणि त्याच वाटेने उद्या शौचालयाचे पाणीही शिरू शकते. आपल्या गटाला आणखी पुढे जायचे असेल, तर ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) पाऊस साधारण कोणत्या उंचीवर मुरला याचा अंदाज काढता येतो. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा या विषयात दीर्घकाळ काम करते आहे. पण गावपातळीवरील प्रस्तावासाठी त्याची गरज नाही.

पाणी कोठून येते, हा तिन्हींतला अवघड प्रश्न. तरी एक ढोबळ गणित प्रत्येकाने करून पाहावे, कारण ते केल्यावर प्रस्तावाचा नकाशाच बदलतो. समजा वर्षाची सरासरी सेकंदाला पाव लिटर निघाली. वर्षाचे पाणी झाले 7,884 घनमीटर. पाऊस 900 मिलिमीटर धरला आणि त्यातील दहा टक्के खडकात मुरतो असे मानले, तर एका हेक्टरवर 900 घनमीटर पाणी मुरते. म्हणजे या झऱ्याला चालवायला जवळजवळ पावणेनऊ हेक्टरांचे पुनर्भरण क्षेत्र, म्हणजे पाऊस मुरून झऱ्याला मिळेल अशी जमीन, लागते. दहा टक्के हा आकडा गृहीत आहे; बेसाल्टच्या प्रकारानुसार तो 7 ते 13 टक्के असा बदलू शकतो आणि क्षेत्रही त्या प्रमाणात बदलेल. पण सरपंचांच्या आराखड्यात रंगवलेली जागा मुखाभोवतीची काही गुंठे आहे आणि झरा जगतो तो वरच्या आठ-नऊ हेक्टरांवर, ही विषमता कोणत्याही आकड्याने झाकली जात नाही. ते क्षेत्र टेकडीच्या वरच्या सपाटीवर, लाव्हाथरांचा उतार ज्या दिशेने आहे त्याच्या वरच्या बाजूला शोधावे. जमिनीवरील पाणलोट आणि खडकातील पाणलोट एकच असतो असे नाही. तलाठ्याकडून त्या भागाचे सर्व्हे क्रमांक काढून जमीन कोणाची आहे, तेथे शेती, चराई, बोअर किंवा खाण आहे का, हे लिहून काढावे. सुरुंगाच्या हादऱ्यांनी भेगांची मांडणी बदलून झरा सरकल्याची किंवा आटल्याची तक्रार डोंगराळ भागात नेहमी ऐकू येते. प्रत्येक तक्रार खरी नसते, पण खाण जवळ असेल तर ती जोखमीच्या रकान्यात गेलीच पाहिजे.

तुलनेसाठी आपल्या परिसरातला सर्वांत महत्त्वाचा झरा घेऊ: गोध्र्याच्या पश्चिमेकडील, आणंद-गोध्रा लोहमार्गावरच्या टुवा गावचे गरम पाण्याचे कुंड. तेथे शेजारशेजारच्या कुंडांत पाण्याचे तापमान वेगवेगळे आहे. एकात हात बुडवता येतो आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्यात तो क्षणभरही ठेववत नाही. सर्वांत तप्त पाणी 60 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. खाली ज्वालामुखी धगधगतो आहे असे तेथे येणारे बहुतेक जण मानतात आणि काही मार्गदर्शकही तसेच सांगतात, पण ते खरे नाही. पावागडाचा लाव्हा थंड होऊनही कोट्यवधी वर्षे लोटली आणि टुव्याचा खडक तर ग्रॅनाइट आहे. पावसाचेच पाणी भेगांतून खोल जाते, पृथ्वीच्या अंगच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. खोलीबरोबर तापमान दर किलोमीटरला 30 ते 40 अंशांनी वाढते असे धरले आणि वरची सरासरी 27-28 अंश घेतली, तर 60 अंशांपर्यंत तापायला पाण्याला निदान एक किलोमीटरच्या आसपास खाली जावे लागते. वर येताना ते निवते हे लक्षात घेता प्रत्यक्ष खोली याहून जास्तच असणार. शेजारच्या कुंडांतील फरक पडतो तो वर येणाऱ्या गरम पाण्यात उथळ थंड पाणी कमीअधिक मिसळल्यामुळे. पाणी खारट आहे आणि टुवा व खेडा जिल्ह्यातील लसुंद्रा या दोन्ही ठिकाणी हेलियम वायूचे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच जास्त आढळले आहे. खडकातील युरेनियम आणि थोरियमच्या क्षयातून निर्माण होणारा हा वायू खोलवरच्या भेगांची साक्ष देतो. एका छोट्या जागेत इतके काही दिसणे, तेही रेल्वे स्टेशनजवळ, हे दुर्मीळ आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीला जाणाऱ्या आपल्या मराठी माणसांनी टुव्याकडे पाठ फिरवावी याचे मला नेहमी नवल वाटते.

आता गुण. पोर्तुगालचे भूवैज्ञानिक जुझे ब्रिल्हा यांनी 2016 मध्ये मांडलेली पद्धत आपल्या कामाला पुरेशी आहे. तिच्यात वैज्ञानिक मूल्य, शैक्षणिक उपयोग, पर्यटन उपयोग आणि ऱ्हासाची जोखीम हे चार हिशेब वेगळे ठेवतात, आणि तेच तिचे बलस्थान आहे. वैज्ञानिक मूल्यात प्रातिनिधिकतेला 30 टक्के, संदर्भस्थळ म्हणून असलेल्या महत्त्वाला 20, अखंडतेला 15, दुर्मीळतेला 15, वापरातील अडचणींना 10, आणि उपलब्ध अभ्यास व भूवैज्ञानिक विविधता यांना प्रत्येकी 5 टक्के वजन आहे; प्रत्येक निकषाला जास्तीत जास्त 4 गुण.

आपल्या झऱ्याला, केवळ उदाहरणादाखल, असे गुण देऊन पाहू. बेसाल्टमधील संपर्क-झरा म्हणून प्रातिनिधिकता 2, कारण पट्टा स्पष्ट दिसतो, संदर्भस्थळ 0, कारण शास्त्रज्ञांनी त्याचा आधार घेतलेला नाही, अभ्यास 0, अखंडता 4, कारण मुख अद्याप नैसर्गिक आहे, विविधता 1, दुर्मीळता 1, कारण असे झरे सह्याद्रीपासून माळव्यापर्यंत हजारोंनी आहेत, वापरातील अडचण जवळपास नाही, म्हणून 4. वजने लावली की बेरीज येते 4 पैकी 1.80. आता तेथे सिमेंटचे कुंड बांधून झाले असे समजा. तांबडा पट्टा फरशीमागे गेला, म्हणून प्रातिनिधिकता 1; मुख बदलले, म्हणून अखंडता 1; बाकी सारे तेच. बेरीज 1.05. म्हणजे ज्या भूवारशाच्या नावाने निधी मागायचा, त्यातला चाळीस टक्क्यांहून अधिक भाग त्याच निधीतून बुजवला जातो. सरपंचांशी बोलताना हे दोन आकडे कागदावर मांडून दाखवा. दीर्घ भाषणापेक्षा त्याचा उपयोग होईल.

दुसरा सापळा पर्यटनाच्या हिशेबात आहे. सुगमता, म्हणजे पोहोचण्याची सोय, हा निकष पर्यटन-मूल्यातही आहे आणि ऱ्हासाच्या जोखमीतही; पर्यटनात त्याला 10 टक्के वजन आहे, जोखमीत 15. रस्ता झाला की दोन्ही आकडे चढतात. नुसते पर्यटनाचे गुण प्रस्तावात लिहून जोखमीचे गाळले, तर प्रस्ताव दिसायला भक्कम आणि प्रत्यक्षात पोकळ होतो. जोखमीच्या हिशेबात सर्वांत जड निकष म्हणजे खुद्द भूवैज्ञानिक घटकांचा ऱ्हास, 35 टक्के. झऱ्याच्या बाबतीत त्यात मुखाची झीज एवढेच न धरता प्रवाहातील घटही धरावी, असे मी सुचवतो. मूळ पद्धतीत हे असे लिहिलेले नाही, पण झऱ्याला ती लावायची तर इतकी दुरुस्ती आवश्यक आहे.

या सगळ्यावरून माझा अंदाज असा, की हा झरा राष्ट्रीय भूवारसा ठरणार नाही. तो स्थानिक पातळीवरचे, शिक्षणाला फार उपयोगी पडेल असे भूविविधता-स्थळ ठरावा. ब्रिल्हा यांच्या मांडणीतही हा भेद आहे: वैज्ञानिक मूल्य मोठे असेल ते भूवारसा-स्थळ, आणि शिकवायला किंवा पाहायला चांगले ते भूविविधता-स्थळ. प्रस्तावात तसे सरळ लिहावे. शाळेच्या मुलांना पाणी खडकातून कसे येते हे डोळ्यांनी दाखवणारी जागा बडोद्यापासून तासा-दीड तासावर असणे हीच पुरेशी शिफारस आहे, आणि अवाजवी दावा केला की परीक्षक पुढची पाने वाचत नाहीत.

पर्यटक मात्र सेकंदाला पाव लिटर पाणी पाहायला एकटेदुकटे इतक्या लांब येणार नाहीत, हेही मान्य करावे. झरा एखाद्या वाटेवरचा थांबा म्हणून बसवावा. चांपानेर-पावागड परिसर 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तेथील सर्पिल वाव (पायऱ्यांची विहीर), डोंगरावरचे दुधिया व तेलिया तलाव पाहताना पाणी साठवण्याची माणसाची बाजू कळते. झऱ्यावर त्याच पाण्याची खडकातली बाजू दाखवता येते. ज्या विश्वामित्रीच्या पुराने बडोदेकर दर काही वर्षांनी हैराण होतात, ती नदीही पावागडातच उगम पावते, हे आपल्या सहलीतल्या कित्येकांना ठाऊक नसते. दुसऱ्या दिवशी टुवा, गळतेश्वर आणि बालासिनोरजवळचे रैयोलीचे डायनोसॉर जीवाश्म उद्यान असा क्रम जमतो.

जागेच्या मांडणीबद्दल मी थोडा आग्रही आहे. मुखाला आणि तांबड्या पट्ट्याला हात लावू नये. गावाला पाणी भरण्यासाठी टाके हवे असेल, आणि ते हवेच, तर ते मुखाच्या खाली काही मीटरवर बांधावे. पायवाट समोरून थेट मुखाशी नेण्याऐवजी बाजूने न्यावी आणि थोडे अंतर राखून थांबण्याची जागा करावी. शौचालय आणि वाहनतळ झऱ्याच्या पातळीच्या खाली, ओहोळाच्या उताराकडे असावेत. विहिरीपासून शोषखड्डा अमुक मीटर दूर असा जो नियम आपण ऐकतो, तो मातीच्या जमिनीत ठीक आहे. भेगाळ खडकात घाण पाणी न गाळता लांबवर जाते. पाण्याची तपासणी भारतीय मानक 10500 नुसार करून घ्यावी. 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू आढळता कामा नयेत, एका लिटरमध्ये नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या आत असावे आणि फ्लोराइड शक्यतो 1 मिलिग्रॅमच्या आत, फार तर 1.5. ग्रॅनाइटच्या पट्ट्यात फ्लोराइडकडे विशेष लक्ष द्यावे. तपासणी पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि उन्हाळ्यात अशी दोनदा करावी. हिवाळ्यातला एकच स्वच्छ अहवाल दिशाभूल करतो. गरम झऱ्यांवर सहल नेत असाल तर मुलांना आधी तापमान मोजल्याशिवाय पाण्यात उतरू देऊ नये, कारण 60 अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते. कोमट कुंडांतही नाकात पाणी जाऊ देऊ नये. ‘या पाण्याने त्वचारोग बरे होतात’ असे आपल्या नावाने कोणत्याही फलकावर लिहू देऊ नका.

झऱ्याचे जुने वापरकर्ते कोण, हे गुणांच्या तक्त्यात फारसे येत नाही, म्हणून ते वेगळ्या परिच्छेदात लिहावे. आपल्या झऱ्यावर राठवा आणि नायका समाजाच्या स्त्रिया पाणी भरतात आणि मुखाजवळ दगडावर शेंदूर लावलेला आहे, असे छायाचित्रांतून दिसते. त्यांच्या पाणी भरण्याच्या वेळा पर्यटकांसाठी बंद ठेवाव्यात. जागा जांबुघोडा अभयारण्याच्या हद्दीत किंवा लगत येत असेल, तर तेथे बिबट्या आणि अस्वल असल्याने सूर्यास्तानंतर कोणी नसणे हे माणसांच्या आणि प्राण्यांच्या, दोघांच्याही हिताचे आहे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. केंद्रीय खाण मंत्रालयाने 2022 मध्ये भूवारसा स्थळांसाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, पण मसुद्याच्या भरवशावर प्रस्ताव उभा करू नये. वनजमीन असेल तर वन विभागाची, चांपानेरच्या संरक्षित वास्तूंपासून 100 मीटरच्या आत असेल तर पुरातत्त्वाच्या नियमांची अडचण आधी येईल. जैवविविधता कायदा 2002 खाली राज्य सरकार जैवविविधता वारसा-स्थळ घोषित करू शकते. झऱ्यावरचे नेचे, खेकडे, गोगलगाई यांची चांगली नोंद असेल तर तो मार्ग विचारात घ्यावा. मोठी अडचण अशी, की 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाकडे मानला जात आला आहे. त्यामुळे वरच्या माळावर बोअर न पाडण्याचा निर्णय ग्रामसभेत, त्या शेतकऱ्यांना समोर बसवून आणि त्यांच्या सिंचनाची दुसरी सोय काढूनच होऊ शकतो. सिक्कीममध्ये 2008 पासून धारा विकास या कार्यक्रमाखाली झऱ्यांच्या वरच्या उतारांवर समतल चर आणि खड्डे खणून पुनर्भरणाचे काम झाले आहे. तसे काम आपल्या टेकडीवर रोजगार हमीतून करता येईल आणि त्यात गावाला मजुरीही मिळेल.

सरपंचांना घाई आहे हे मी समजू शकतो, म्हणून प्रस्तावाचे दोन टप्पे करावेत. पहिल्यात पायवाट, खालचे टाके, शौचालय, मोजणीची खाच, पर्जन्यमापक आणि गुजराती, हिंदी व मराठीतील एक फलक, ज्यावर टेकडीचा उभा छेद काढून पावसापासून मुखापर्यंतची वाट दाखवलेली असेल. एवढ्याला कोणाचा आक्षेप नसावा. बाकीचे बांधकाम आणि ‘भूवारसा’ हा दावा दुसऱ्या टप्प्यात, वर्षभराच्या नोंदी जोडून. नोंदवही गावच्या शाळेत ठेवावी, प्रत्येक नोंदीसोबत बादलीचा वेळ, तापमान, वाहकता आणि त्या आठवड्याचा पाऊस लिहावा, आणि महिन्यातून एकदा पानाचे छायाचित्र मंडळाकडे यावे. ऑक्टोबर ते जानेवारीचे आकडे हाती आले की ते मला पाठवा. त्या उतरणीवरून झरा कोणत्या प्रकारचा आहे आणि वरचे किती क्षेत्र सांभाळावे लागेल, हे बऱ्याच खात्रीने सांगता येईल.